मॅनिनच्या वाळूवर उतरलेले पाच किलोंचे विमान

आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, अटलांटिक महासागराच्या काठी क्लिफडेन नावाचे गाव आहे. गॉलवे शहरापासून साधारण 80 किलोमीटर. रस्ता अरुंद आणि वळणांचा. दोन्ही बाजूंना काळपट पाण्याची तळी, मध्येच एखादे एकटे घर आणि सगळीकडे मेंढ्या. कोणती मेंढी कोणाची हे कळावे म्हणून त्यांच्या लोकरीवर निळा किंवा लाल रंग फासलेला असतो. उजव्या हाताला 'ट्वेल्व्ह बेन्स' नावाचे डोंगर लागतात. त्यांच्या माथ्यावर ढग बसलेले असतात आणि दर वीस मिनिटांनी एक सर येऊन जाते. आम्ही कोकणातली माणसे, आम्हाला पावसाचे कौतुक ते काय! पण हा पाऊस धड भिजवतही नाही आणि कोरडेही राहू देत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत मी धाकट्या बहिणीकडे गॉलवेला गेले होते. ती तिथल्या एका रुग्णालयात नर्स आहे. दुल्हेभाई कारखान्यात नोकरीला आहेत आणि एकुलता एक मुलगा चौदा वर्षांचा आहे. पर्यटकांना जे दाखवतात ते दुल्हेभाईंनी सगळे दाखवले होते. शेवटचा रविवार उरला तेव्हा भाचा म्हणाला, "खाला, आता माझ्या जागी चला." त्याची जागा म्हणजे क्लिफडेनच्या दक्षिणेची दलदल आणि तिच्यापुढचा मॅनिनचा किनारा. बहिणीने खिमा आणि चपात्यांचा डबा भरला. भाच्याने गाडीत एक लांबट पुठ्ठ्याचे खोके ठेवले आणि त्याला हात लावायचा नाही अशी सर्वांना ताकीद दिली.

गावापासून पाच-सहा किलोमीटरवर डेरिगिमलाची दलदल सुरू होते. आपल्याकडे दलदल म्हटले की चिखल आणि डास आठवतात. ही तशी नाही. लांबून ती तपकिरी-हिरव्या गवताचे सपाट माळरान वाटते. जूनच्या सुरुवातीला तिच्यावर पांढऱ्या कापसाच्या बोंडांसारखी गवतफुले डोलत असतात. पण पाय ठेवला की जमीन गादीसारखी दबते. हजारो वर्षे शेवाळ आणि गवत पाण्यात साचत गेले, कुजले नाही, दाबले गेले, त्याचा हा थर आहे. लोक तो लांब फावड्याने विटांसारखा कापतात, उन्हात वाळवतात आणि चुलीत जाळतात. त्याला तिथे टर्फ म्हणतात. त्याच्या धुराचा वास मातकट गोडसर असतो, आणि तो घरात शिरला की कपड्यांतून दोन दिवस जात नाही.

या उजाड जागी दोन मोठ्या गोष्टी घडल्या आणि दोन्ही भाच्याच्या छंदाशी नाते सांगणाऱ्या आहेत. पहिली मार्कोनीची. बिनतारी संदेशवहनासाठी नोबेल मिळालेला मार्कोनी हा इटालियन, पण त्याची आई आयरिश. त्याने याच दलदलीत बिनतारी केंद्र उभारले आणि 17 ऑक्टोबर 1907 रोजी इथून महासागरापलीकडे, कॅनडातल्या ग्लेस बे या ठिकाणाशी, व्यापारी बिनतारी सेवा सुरू झाली. उंच खांबांवर तारांचे जाळे होते. केंद्राचे स्वतःचे वीजघर होते आणि त्यात जळण म्हणून हाच टर्फ वापरत. माल वाहायला छोटी रेल्वेही होती. 1922 मध्ये आयर्लंडच्या यादवी युद्धात केंद्रावर हल्ला झाला, जाळपोळ झाली आणि ते पुन्हा उभे राहिले नाही. आज तिथे पायव्यांचे दगड, गंजलेले लोखंड आणि साधारण पाच किलोमीटरची फिरण्याची वाट उरली आहे. वाटेवर जागोजागी माहितीचे फलक आहेत.

दुसरी गोष्ट 15 जून 1919 ची. आदल्या दिवशी कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंड बेटावरून जॉन अल्कॉक आणि आर्थर ब्राऊन हे दोघे 'विकर्स विमी' नावाच्या दोन इंजिनांच्या विमानात बसून निघाले. विमान मुळात बॉम्ब टाकण्यासाठी बनवलेले. बसायची जागा उघडी, वर छप्पर नाही. कुठेही न थांबता अटलांटिक ओलांडणाऱ्याला लंडनच्या 'डेली मेल' या वृत्तपत्राने 10,000 पौंडांचे बक्षीस लावले होते. धुके, गारा, बर्फ यांतून सुमारे सोळा तासांनी ते या किनाऱ्यावर पोचले. वरून त्यांना एक छान हिरवे कुरण दिसले. बिनतारी केंद्रातले लोक 'तिथे उतरू नका' म्हणून हात हलवत होते आणि या दोघांना वाटले की आपले स्वागत चालले आहे, असे सांगतात. विमान टेकले आणि त्याचे नाक दलदलीत रुतले. दोघे सुखरूप होते. जगातला विमानाचा पहिला न थांबता झालेला अटलांटिक प्रवास असा चिखलात संपला. त्या जागेजवळ आता पांढऱ्या रंगाची दगडी खूण आहे. समोरच्या टेकडीवर विमानाच्या शेपटीच्या आकाराचे मोठे दगडी स्मारक आहे. अल्कॉक त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या एका विमान अपघातात वारला. विमी मात्र दुरुस्त करून लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ठेवली आहे.

स्मारकापाशी सगळे फोटो काढतात. आम्हीही काढले. भाचा मात्र पाय आपटत होता. त्याला यायचे होते ते तिसऱ्या विमानासाठी, आणि त्या विमानात कोणी बसलेलेच नव्हते.

ते विमान एका वृद्ध अमेरिकन माणसाने बाल्साच्या लाकडातून बनवले होते. त्याचे नाव मेनार्ड हिल. 1926 चा जन्म, पेशाने संशोधक, राहणार मेरीलँड. रेडिओवर चालणाऱ्या मॉडेल विमानांचा त्याला आयुष्यभराचा नाद. 1970 मध्ये त्याने असे एक विमान 8,200 मीटरवर चढवून जागतिक विक्रम केला होता. निवृत्तीनंतर त्याच्या डोक्यात आले की अल्कॉक आणि ब्राऊन ज्या वाटेने आले त्याच वाटेने मॉडेल विमान न्यायचे. नियम असा की मॉडेलचे वजन इंधनासकट पाच किलोंच्या आत हवे. आपल्याकडे घरात आठवड्याला पाच किलोंची आट्याची पिशवी येते, तेवढेच.

पहिले प्रयत्न फसले. विमाने समुद्रात गेली. 9 ऑगस्ट 2003 च्या संध्याकाळी न्यूफाउंडलंडच्या केप स्पिअर या टोकावरून पाचवे विमान सुटले. त्याचे नाव होते 'स्पिरिट ऑफ बट्स फार्म'. बट्स हे मेरीलँडमधल्या ज्या शेतकऱ्याच्या शेतावर या विमानांच्या चाचण्या झाल्या, त्याचे आडनाव. विक्रम करणाऱ्याने आपल्या विमानाला स्वतःचे नाव न देता जागा देणाऱ्याच्या शेताचे नाव द्यावे, हे मला फार आवडले. हा छंद ज्याला आहे त्याला पैशांहून मोठी अडचण जागेची असते. मोकळे, सपाट, विजेच्या तारा नसलेले रान आणि 'उडवा, माझी हरकत नाही' म्हणणारा मालक, या दोन गोष्टी एका ठिकाणी मिळणे कठीण.

हाती धरायच्या रेडिओ यंत्राचा पल्ला जेमतेम नजर पोचते तेवढा. म्हणून उड्डाणानंतर थोड्या वेळाने विमान त्यातल्याच एका लहान यंत्राच्या स्वाधीन केले. ते उपग्रहांकडून आपली जागा समजून घेई आणि सुकाणू हलवी. मग रात्र, दिवस, पुन्हा रात्र. पाण्यापासून साधारण तीनशे मीटर उंचीवरून, ताशी सरासरी 78 किलोमीटर वेगाने ते लाकडी पाखरू एकटे येत राहिले. 11 ऑगस्टला ते मॅनिनच्या किनाऱ्यावर दिसू लागले. तिथे अमेरिकेतल्या मॉडेल विमानवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष डेव्ह ब्राऊन रेडिओ यंत्र घेऊन उभे होते (आडनावही ब्राऊनच!). त्यांनी विमान ताब्यात घेतले आणि ठरल्या जागी उतरवले. 38 तास 52 मिनिटे, सुमारे 3,030 किलोमीटर. अल्कॉक-ब्राऊनच्या विमीत जवळपास 3,900 लिटर पेट्रोल भरले होते. या विमानाला चार लिटरसुद्धा लागले नाही, आणि ते इंधनही कंदील-शेगडीत जाळतात तसले होते.

आता भाच्याने मला जे सर्वांत शेवटी सांगितले ते. मेनार्ड हिल तेव्हा 77 वर्षांचा होता. त्याला ऐकू फारसे येत नव्हते आणि कायद्याच्या भाषेत तो अंध होता.

हे ऐकून मी गप्प झाले. का, ते सांगायचे तर चिपळूणला जावे लागेल.

आमचे अब्बा 1970 च्या दशकात मुंबईला कॉलेजात होते, तेव्हा एनसीसीच्या एअर विंगमध्ये त्यांनी एरोमॉडेलिंग शिकून घेतले. आजही एअर विंगच्या कॅडेटना हे शिकवतात, स्पर्धा होतात. वाचकांपैकी कोणाची मुले एनसीसीत असतील तर त्यांनी जरूर विचारावे. त्या काळी रेडिओ यंत्र परवडणारे नव्हते. दोन बारीक पोलादी तारांना बांधलेले विमान उडवत. माणूस मधोमध उभा, हातात मूठ, विमान त्याच्याभोवती गोल फिरते. मूठ वर-खाली केली की विमान वर-खाली होते. पाच मिनिटांत उडवणाऱ्यालाच भोवळ येते. इंजिन पेरूएवढे. त्याला मिथेनॉलमध्ये एरंडेल मिसळून घालायचे. पुढे अब्बा आयटीआयमध्ये फिटर विभागात शिकवू लागले, लग्न झाले, आम्ही दोघी झालो, तरी छंद सुटला नाही. आमच्या लहानपणी दर रविवारी घरात जळलेल्या एरंडेलाचा वास असायचा. अम्मी म्हणायच्या, "दुनिया एरंडेल पोटात घालते, तुमचे अब्बा विमानात घालतात."

22 जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी आमच्या तळमजल्यावर छतापर्यंत आले. अब्बांची खोली तिथेच होती. बाल्साच्या पट्ट्या फुगून गेल्या, नकाशांचा लगदा झाला, इंजिने चिखलाने भरली. चिपळूणकरांनी त्या वेळी काय काय गमावले ते सर्वांना माहीत आहे. त्यापुढे लाकडी विमानांचे दुःख बोलून दाखवायची सोय नव्हती आणि अब्बांनी दाखवलेही नाही. त्याच सुमारास मधुमेहाने त्यांचे डोळे गेले. गेले म्हणजे अगदी अंधार नाही. वर्तमानपत्राचा मथळा दिसतो, बातमी दिसत नाही. समोरच्याचा अंगरखा दिसतो, चेहरा नाही. लेझर झाले, इंजेक्शने झाली. आता ते मशिदीत जातात, येतात, रेडिओ ऐकतात. लाकडाला हात लावत नाहीत. चार वर्षे झाली.

चिखलातून फक्त दोन वस्तू धडधाकट निघाल्या, त्या पितळेच्या होत्या. पंखाच्या फासळीचे दोन साचे, अब्बांनी आयटीआयच्या कानसीने स्वतः घासून बनवलेले. एक मोठा, पंखाच्या मुळाचा, आणि एक लहान, टोकाचा. मी गॉलवेला निघाले तेव्हा अब्बांनी ते रुमालात गुंडाळून माझ्या हाती दिले आणि म्हणाले, "पोराला दे. इथे पडून काय उपयोग."

मला त्या वाक्याचा राग आला होता आणि भीतीही वाटली होती. माणूस आपली हत्यारे वाटून टाकू लागला की घरच्यांना कळते.

भाच्याला मात्र तसे काही वाटले नाही. त्याने साचे उजेडात धरले, अंगठ्याने कडा चाचपली आणि लगेच कामाला लागला. पद्धत अशी. बाल्साचे सारखे चौकोनी तुकडे कापायचे, ते दोन साच्यांच्या मध्ये चळतीने रचायचे, दोन बोल्टांनी आवळायचे आणि साच्यांच्या कडेला टेकेपर्यंत सँडपेपरने घासायचे. चळत सोडली की एका पंखाच्या सगळ्या फासळ्या क्रमाने लहान होत गेलेल्या मिळतात. दुसऱ्या पंखासाठी पुन्हा तेच. हात पितळेला लागला की थांबायचे. मी दोन संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून हे पाहिले. तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत घासत होता, हाताकडे नाही.

बहिणीची या छंदाबद्दल तक्रार आहे. अभ्यासाचा वेळ जातो, पैसे जातात आणि हा इसराफच नाही का, असे तिने मला सरळ विचारले. आपा शाळेत शिकवते म्हणजे निकाल देईल अशी तिची अपेक्षा होती. 'यातून मुले इंजिनिअर होतात' असे मी म्हटले नाही, कारण वर्गात इतकी वर्षे काढल्यावर मी अशा आश्वासनांवर विश्वास ठेवत नाही. काही होतात, बहुतेक होत नाहीत. तिला मी एवढेच म्हटले की खिशातल्या पैशात होते तोवर होऊ दे, तयार महागडे विमान मागितले तर नाही म्हण. आणि दोन गोष्टींवर लक्ष ठेव: फिरत्या पंख्यात बोट जाऊ शकते आणि लिथियमची बॅटरी चार्जिंगला लावून झोपायचे नाही, ती पेट घेते.

शिकण्यासारखे मात्र त्यात पुष्कळ आहे. भाच्याला पुढे त्या विमीचेच स्केल मॉडेल करायचे आहे. स्केल म्हणजे मूळ विमानाची हुबेहूब लहान प्रत. त्याने बाराव्या हिश्श्याचे माप धरले आहे. मूळ विमानाच्या पंखांचा पसारा 20.7 मीटर, म्हणजे मॉडेलचा पावणेदोन मीटरच्या आत-बाहेर. मी त्याला विचारले, वजन किती हवे? तो म्हणाला, "बारावा हिस्सा." मग जेवणाच्या टेबलावर आमचा तास झाला. लांबी बारा पटींनी घटली तर पंखाचे क्षेत्रफळ 144 पटींनी घटते आणि घनफळ 1,728 पटींनी. अटलांटिकला निघताना विमीचे वजन सहा टनांच्या आसपास होते. त्याला 1,728 ने भागले की साडेतीन किलो. बाराव्या हिश्श्याने गेलो असतो तर पाचशे किलोंचे मॉडेल झाले असते! नववीच्या वर्गात हे उदाहरण मी आता दरवर्षी घेणार आहे. मुंगी आपल्या वजनाच्या अनेक पट ओझे का उचलते, हे त्याच गणिताने सुटते.

एकच गोष्ट लहान होत नाही, ती म्हणजे हवा. तिचा झोत मोठ्या विमानाला जो, तोच मॉडेलला. म्हणून हुबेहूब प्रतीला आकाशात सांभाळणे हे मूळ विमानापेक्षा काही बाबतींत अवघड जाते, आणि कसलेले लोकही आधी साधे ग्लायडर करून हात बसवतात. त्या पुठ्ठ्याच्या खोक्यात तेच होते. अब्बांच्या साच्यावर बनवलेले, नाकात छोटी मोटर, वजन 238 ग्रॅम. 250 ग्रॅमच्या आत आणि कॅमेरा नसलेले असल्यामुळे त्याला तिथे नोंदणी लागत नाही. आपल्या देशातही 2021 च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंतचा वर्ग वेगळा आणि सवलतीचा आहे. पण विमानतळ आणि लष्करी जागांच्या आसपास कोणतेच विमान उडवायचे नाही. कुठे चालते आणि कुठे नाही याचा सरकारी नकाशा 'डिजिटल स्काय' या नावाने आहे, तो पाहिल्याशिवाय कोणी मुलांना मैदानावर नेऊ नये.

दलदलीतून फिरून आल्यावर आम्ही गाडीच्या आडोशाला जेवलो आणि जुहरची नमाज तिथेच गवतावर चादर अंथरून पढलो. चिपळूणला आमचे तोंड पश्चिमेला असते, इथे आग्नेयेला होते. पश्चिमेला फक्त समुद्र होता आणि त्यापलीकडे न्यूफाउंडलंड.

मॅनिनचा किनारा तिथून थोड्याच अंतरावर आहे. पाणी इतके हिरवे-निळे की फोटोत खोटे वाटावे, आणि तितकेच थंड. या उपसागराच्या काठी वाळू म्हणून जे पांढरे दाणे हाती येतात, त्यांतले पुष्कळसे चुनखडीसारख्या कडक होणाऱ्या समुद्री शेवाळाचे तुकडे असतात. ओहोटी होती. एक म्हातारे जोडपे कुत्र्याला फिरवत होते, तेही लांब निघून गेले. 2003 च्या ऑगस्टात इथे काही माणसे आकाशाकडे बघत उभी होती. वाळूवर त्याची खूण कशी राहणार? दिवसातून दोनदा भरती येते.

भाच्याने ग्लायडर खोक्यातून काढले, पंख रबराने बांधले आणि दोन बोटे पंखांखाली, पुढच्या कडेपासून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर टेकवून ते तोलून धरले. नाक किंचित खाली झुकले. "बरोबर," तो स्वतःशीच म्हणाला. हा तोल पाहणे सर्वांत महत्त्वाचे. शेपूट जड राहिली तर विमान हाताबाहेर जाते. मी त्याच्या बोटांकडे पाहत होते. लहानपणी अब्बा तोल पाहताना डोळे मिटून घेत. आम्ही दोघी हसायचो.

तेवढ्यात बहिणीने चिपळूणला फोन लावला. आमच्याकडे दुपारचे साडेतीन, तिकडे रात्रीचे आठ, मगरिब आणि इशाच्या मधली वेळ. सलाम-दुआ झाली. फोन स्पीकरवर ठेवला आणि भाच्याने नानांना मेनार्ड हिलची सगळी हकीकत घाईघाईने सांगून टाकली. वय, कान, डोळे, सगळे. माझ्या पोटात गोळा आला. आजारी माणसाला असे किस्से ऐकवू नयेत असे माझे मत आहे. ऐकणाऱ्याला ते टोमण्यासारखे लागतात. आणि ते खरेही अर्धेच असतात. हिलच्या पाठीशी मित्रांचा मोठा ताफा होता, शेत होते, सोडायला वेगळी माणसे, उतरवायला वेगळी. एकटा अंध म्हातारा आणि त्याची जिद्द, असे ते नव्हते.

फोनवर थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग अब्बा म्हणाले, "पाच किलोंत इंधन किती होते?"

"अर्ध्याच्या आसपास, नाना."

"म्हणजे सांगाडा, इंजिन, यंत्र सगळे अडीच किलोंत." पुन्हा शांतता. "लाकूड निवडणारा मोठा असणार. डोळ्याने निवडताच येत नाही ते. बरं, तिकडे वारा कुठून आहे?"

"समुद्रावरून."

"मग समुद्राकडे तोंड करून सोड. जमिनीकडे पाठ. आणि फोन बंद करू नका."

भाच्याने मोटर सुरू केली, दोन पावले धावला आणि ग्लायडर सोडले. ते आधी थोडे खाली बसले, मग वाऱ्यावर उभे राहिल्यासारखे वर चढले. वर गेल्यावर त्याने मोटर बंद केली. बहिणीने फोन हातात उंच धरला होता, जणू अब्बांना तिथून दिसणार होते. पण ऐकू नक्कीच आले, कारण मोटर थांबताच अब्बा म्हणाले, "आता तरंगतेय." दोन वळणे घेऊन ते परत आले, तिसऱ्या वळणाला एका झुळकीने बाजूला ढकलले गेले आणि किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत नाकावर टेकले. अल्कॉक आणि ब्राऊनही असेच टेकले होते, असे दुल्हेभाई म्हणाले. भाच्याला ते आवडले नाही.

डाव्या पंखाची टोकाकडची एक फासळी तडकली होती. भाच्याने फोनवर तसे सांगितले. अब्बांनी विचारले, "तडा उभा की आडवा?" तो म्हणाला, रेषांच्या बाजूने, उभा. "मग लाकूड बरोबर कापलेस, पण हलके जास्त घेतलेस. टोकाला थोडे कडक लाकूड घ्यायचे. पट्टी कानाजवळ धरून नखाने टिचकी मार, आवाज कळतो. तुझ्याकडे तीन मिलिमीटरचा बाल्सा किती आहे?"

"पुष्कळ आहे. का?"

"खालाकडे थोडा दे. मधला. फार हलका नको, फार कडक नको. आणि ते साचे एकदा कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून घे, मग साचे खालाकडे परत पाठव. तुला आखणी पुरे, तुझे डोळे आहेत."

अम्मींनी मागून काहीतरी विचारले, ते ऐकू आले नाही. इशाची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

त्या रात्री गॉलवेच्या स्वयंपाकघरात भाच्याने आपल्या सगळ्या पट्ट्या वजनकाट्यावर मांडल्या. मीटरभर लांब, दहा सेंटिमीटर रुंद, तीन मिलिमीटर जाड, माप सगळ्यांचे एकच. एक पट्टी 29 ग्रॅमची निघाली, दुसरी 54 ची. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसत होत्या. त्याने मला टिचकी मारून दाखवली. हलकीचा आवाज दबका, जडचा टणक. थोड्या वेळाने मलाही ओळखता येऊ लागले. आम्ही 35 ते 40 ग्रॅमच्या आठ पट्ट्या निवडल्या. एवढ्या लांब पट्ट्या बॅगेत मावत नव्हत्या म्हणून प्रत्येकीचे दोन तुकडे केले, मध्ये वर्तमानपत्र घातले, पितळी साचे रुमालात बांधून वर ठेवले आणि चिपळूणच्या शेजाऱ्यांसाठी घेतलेली निम्मी चॉकलेटे बाहेर काढली.